शेवटची बस साडेसातची

प्रति,
शिक्षण खाते, गोवा सरकार;
गोवा विद्यापीठ;
आणि दोना पावला, वास्को, फर्मागुडी इथल्या संशोधन व उच्च शिक्षण संस्थांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गणिताची निवृत्त शिक्षिका. सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत मिळून 31 वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं. दरवर्षी 11 फेब्रुवारी आला की विज्ञानातल्या महिला आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस साजरा होतो. संयुक्त राष्ट्रांनी तो 2015 साली जाहीर केला. त्या दिवशी भाषणं होतात, मुलींच्या हातात प्रमाणपत्रं दिली जातात आणि शेवटी प्रत्येक वक्ता सांगतो, मुलींनो, आत्मविश्वास बाळगा. मी अशा कितीतरी कार्यक्रमांना बसले आहे आणि दर वेळी अस्वस्थ होऊन उठले आहे. ज्या मुलींना मी शिकवलं त्यांना आत्मविश्वास पुरून उरत होता. त्यांना कमी पडला तो वेळ. संध्याकाळचे दोन तास, बावीस ते तीस या वयातली सहा-सात वर्षं, बाळंतपणानंतरचे काही महिने. हा वेळ त्यांना मिळेल अशी व्यवस्था करणं तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षापासून मी एक वही ठेवत आले. बारावीला गणितात ज्यांचा हात चालायचा त्यांची नावं, आणि पुढे त्यांचं काय झालं त्याची नोंद. मुलगे रस्त्यात भेटले की आपणहून सांगतात. मुलींची बातमी बहुधा गणेशचवथीच्या दिवसांत मिळते, माहेरी आलेल्या असतात तेव्हा. त्या वहीत एका वर्षीच्या पानावर सहा नावं आहेत. पहिली पाच मुलींची, सहावं एका मुलाचं. तो मुलगा आज परदेशात पदार्थविज्ञानात संशोधन करतो. मला त्याचा अभिमान आहे, त्याने कष्ट केले आहेत. पण त्याच्या वरच्या पाचजणींपैकी एकही आज संशोधनात नाही. एक वेर्ण्याच्या औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या कामाला, लागली आणि लग्नानंतर दोन वर्षांत तिने नोकरी सोडली. एक गणितात एम.एस्सी. झाली, आता पाचवी-सहावीला शिकवते. एक इंजिनिअर होऊन सॉफ्टवेअरमध्ये गेली, तिचं चांगलं चाललं आहे. एकीचा पत्ता मला पुण्यापर्यंतच माहीत आहे. पाचवीबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

ती वाळपईच्या पलीकडच्या गावातली. वडिलांची थोडी काजूची बाग, आई अंगणवाडीत. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी पणजीजवळच्या एका संस्थेत तिला जागा मिळाली. पदार्थाच्या स्फटिकरचनेवर काम होतं आणि त्यासाठी एक्सआरडीचं, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासायचं, यंत्र लागायचं. यंत्र एकच, वापरणारे अनेक. दिवसभर पीएच.डी.वाल्यांची पाळी, एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना संध्याकाळी सहानंतर. एका नमुन्याला काही वेळा दोन-दोन तास लागायचे. तिच्या गावाकडे जाणारी शेवटची बस पणजीहून साडेसातला सुटायची, आणि पणजीच्या स्टँडवर पोचायला आधी दुसरी बस धरावी लागायची. म्हणजे साडेसहाला उठायलाच हवं. वसतिगृहात जागा नव्हती. भाड्याच्या खोलीचे पैसे नव्हते, आणि असते तरी एकट्या मुलीने खोली घेऊन राहणं घरी पटलं नसतं.

नमुना यंत्रात ठेवून ती निघायची. रीडिंग कुणीतरी दुसरा उतरवून घ्यायचा, कधी घ्यायचा, कधी राहून जायचं. बरोबरच्या मुलांकडे मोटरसायकली होत्या. ते रात्री अकराला ताळगावहून निघून दिवाडी, मडकई, कुठेही पोचायचे. एकदा मार्गदर्शक सर तिला म्हणाले, तुझं कामात लक्ष नाही, सहा वाजले की तुझी नजर घड्याळाकडे असते. ते खरंच होतं. तिची नजर घड्याळाकडेच असायची.

एका संध्याकाळी पाऊस होता, बस उशिरा आली, मीही त्याच बसने परतत होते. तिच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा रात्रीचे सव्वानऊ झाले होते. तिचे वडील छत्री आणि टॉर्च घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. मला बघून म्हणाले, "टीचर, शिकवायला माझी ना नाही. पण पावसाचे चार महिने मी असा रोज येऊन उभा राहतो. माझं वय झालं." त्या माणसात मला मुलीला मागे ओढणारा बाप कुठेच दिसला नाही. मुलीच्या एम.एस्सी.साठी तो रोज रात्री भिजत होता.

तिने एम.एस्सी. पुरी केली आणि बी.एड. केलं. आज एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, मुलं तिच्यावर जीव टाकतात. पीएच.डी.चं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "टीचर, तेवढी वर्षं त्या फाट्यावर कोण उभं राहणार?"

आता हाच हिशोब देशाच्या आकड्यांत बघा. उच्च शिक्षणाच्या 2020-21च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात विज्ञान शाखेत 29.5 लाख मुली होत्या आणि 27.7 लाख मुलगे. पदवीपासून पीएच.डी.पर्यंत सगळे धरून. मुली जास्त आहेत. आणि देशात संशोधनाच्या प्रत्यक्ष कामात असलेल्यांत बायका शंभरात वीसही नाहीत. या दोन आकड्यांच्या मधे जे काही होतं ते वर्गात होत नाही. वर्गात मुली पुढेच असतात, आपल्या बारावीच्या निकालातही आपण ते बघतो. गळती वर्गाच्या बाहेर आहे. कौलांचं घर असलेल्या माणसाला कळतं की पाणी टपकतं तिथेच कौल फुटलेलं नसतं, वर चढून शोधावं लागतं.

वर चढून पाहिलं तर पहिलं फुटकं कौल दहावीनंतरच दिसतं. गावातल्या किंवा जवळच्या हायर सेकंडरीत विज्ञान शाखा नसते. मुलगा दोन बसा बदलून जातो, मुलीला सांगतात की कॉमर्स इथेच आहे. विज्ञान घेतलंच तर गणित की जीवशास्त्र असा प्रश्न येतो. माझ्याकडे एक आई आली होती, हातात मुलाचं आणि मुलीचं, दोघांचीही गुणपत्रकं. मुलगी थोरली, गणितात तिचे गुण भावापेक्षा जास्त. आई म्हणाली, "मॅथ्सला ट्यूशन लागणार. दोघांची झेपत नाही. तो मुलगा, त्याला इंजिनिअरिंगला जायचंय. हिला बायो दिलं तर?" तिने मुलीचा पाणउतारा केला नव्हता. तिच्याकडे एकाच ट्यूशनचे पैसे होते आणि ते कुणावर घालायचे हे तिने जगाकडे बघून ठरवलं होतं. त्या मुलीला मी शाळा सुटल्यावर दोन वर्षं फुकट शिकवलं. पण अशा किती जणी असतात आणि एक शिक्षिका कितींना पुरणार?

आणि मी स्वतः काय केलं तेही इथे लिहायला हवं. एका हुशार मुलीने मला विचारलं होतं, टीचर, पुढे गणितातच संशोधन करू का? मी म्हणाले, बी.एड. कर, सुट्ट्या मिळतात, घर सांभाळता येतं. मला तिचं भलंच वाटत होतं. मुलीच्या जातीला मास्तरकी बरी, हे मी लहानपणापासून इतकं ऐकलं होतं की माझ्याच तोंडून ते कधी बाहेर पडलं ते कळलं नाही. हा सल्ला मी परत घेऊ शकत नाही. ती आता चाळिशीची आहे.

हे वाक्य मला कुठून मिळालं तेही सांगते. गणितात एम.एस्सी. झाल्यावर मी एका संस्थेत संशोधनासाठी मुलाखतीला गेले होते. समोर तीन जण होते. पहिला प्रश्न होता, लग्न ठरलंय का? दुसरा, नवरा बदलीचा असला तर? तिसऱ्या प्रश्नाला ते गणिताकडे वळले, तोवर माझा घसा कोरडा पडला होता. साधी व्याख्या सांगताना मी अडखळले आणि त्यांना जे आधीपासून वाटत होतं ते खरं ठरलं. आजही मुली मला सांगतात की हाच प्रश्न येतो, जरा गोड शब्दांत. "तुमचे पुढचे प्लॅन काय?"

हा माझा जुना राग आहे असं कुणाला वाटू नये म्हणून एक प्रयोग सांगते. 2012 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी विज्ञानाच्या प्राध्यापकांकडे प्रयोगशाळेतल्या एका नोकरीसाठी अर्ज पाठवला. अर्ज शब्दशः एकच, फक्त निम्म्यांना तो 'जॉन'च्या नावाने गेला आणि निम्म्यांना 'जेनिफर'च्या. जॉन जास्त लायक ठरला. त्याला सरासरी 30 हजार डॉलरच्या वर पगार देऊ केला गेला, जेनिफरला 26 हजारांच्या आसपास. आणि यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, की प्राध्यापिकांनीही तसंच केलं. म्हणजे निवड समितीत एक बाई बसवली की काम झालं असं मानू नका. माझ्या बी.एड.च्या सल्ल्याकडे बघा.

सुरुवात याहून आधी होते. 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पाच वर्षांच्या मुली 'खूप खूप हुशार' माणूस म्हणून मुलांइतक्याच सहजपणे आपल्यासारखीकडे बोट दाखवत होत्या. सहाव्या-सातव्या वर्षी ते बोट खाली आलं. त्याच वयात त्यांना हेही माहीत होतं की शाळेत चांगले गुण मुलींनाच मिळतात. गुण मिळतात ते मेहनतीने आणि बुद्धी असते ती मुलांना, हे इतक्या लहानपणी त्यांच्या मनात कुणी घातलं? शिकवलं तर कुणीच नव्हतं. आपण घरात, बसमध्ये, वर्गात बोलतो ते त्यांनी ऐकलं. 'तो हुशार आहे, पण अभ्यास करत नाही' आणि 'ती अभ्यासू आहे' ही दोन वाक्यं शिक्षकांच्या खोलीत मी रोज ऐकली. दोघांचे गुण सारखेच असायचे.

शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगण्याचा एक जुना प्रयोग आहे. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 4,807 मुलांची चित्रं पाहिली गेली आणि त्यांत फक्त 28 शास्त्रज्ञ बायका होत्या, त्याही सगळ्या मुलींनी काढलेल्या. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी शेजारच्या प्राथमिक शाळेत हा प्रयोग करून पाहिला. दाढी, चष्मा, धूर निघणारा चंबू, अपेक्षेप्रमाणे सगळं आलं. एका मुलीच्या कागदावर मात्र पांढरा कोट घातलेली बाई होती, केस पूर्ण झाकणारी निळी टोपी, हातात ब्युरेट, म्हणजे रसायन थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचेची उभी नळी. ब्युरेटवर तिने रेघा मारून आकडेसुद्धा घातले होते, वरून खाली, जसे खरोखर असतात. मी विचारलं, ही कोण? म्हणाली, आई. आई कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधं तपासते. दिवसभर टायट्रेशन करते. घरी तिने तो ब्युरेटही काढून दाखवला असणार, त्याशिवाय आकड्यांची दिशा मुलीला कळली नसती.

त्या एका कागदाने मला जे शिकवलं ते सगळ्या भाषणांनी शिकवलं नाही. मूल बघतं तेच काढतं. मग आपण गोव्यात मुलींना काय दाखवतो? 1983च्या डिसेंबरात भारताची तिसरी अंटार्क्टिक मोहीम निघाली. त्या मोहिमेत पहिल्यांदा दोन भारतीय स्त्रिया होत्या, भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करत होत्या. नागपुरात जन्मलेली मराठी बाई आपल्या गोव्यातल्या संस्थेतून दक्षिण ध्रुवाच्या खंडावर गेली, आणि माझ्या वर्गात दरवर्षी मी हे नाव विचारायचे तेव्हा एकही हात वर यायचा नाही.

कमला सोहोनींचं नाव निदान काही जणांना माहीत असतं. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला. संचालक होते सी. व्ही. रामन. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष परीक्षेवर ठेवायचं ठरलं. 1939 साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. मंगला नारळीकरांनी विद्यापीठात अव्वल येऊन गणितात एम.ए. केलं आणि संख्या-सिद्धान्तातली, म्हणजे पूर्णांकांच्या गणितातली पीएच.डी. त्यांना 1981 साली मिळाली. मधली वर्षं संसार आणि मुली. या बायकांची उदाहरणं आपण जिद्दीसाठी देतो. मला त्यांच्या गेलेल्या वर्षांचं वाईट वाटतं. मुलाला साधी गुणवत्ता पुरते तिथे मुलीने कमला सोहोनीच असायला हवं, अशी अट आपण घालून ठेवली आहे. माझ्या वाळपईच्या मुलीने रामनसमोर सत्याग्रह का करावा? तिला साडेनऊची बस हवी होती.

म्हणून पहिली मागणी बसची आहे. विद्यापीठाच्या पठारावरून आणि दोना पावलाहून रात्री साडेआठनंतर वाळपई, पेडणे, काणकोण, केपे या दिशांना कदंब परिवहन महामंडळाची एकेक बस सोडा. प्रवासी कमी असतील, पहिल्या वर्षी रिकामीही जाईल. तरी सोडा. तोवर यंत्रांच्या पाळ्या लावताना लांबून येणाऱ्या मुलींना दुपारची पाळी द्या. याला एक पैसाही लागत नाही, वेळापत्रक करणाऱ्याने एकदा विचारायला हवं, तू राहतेस कुठे?

वसतिगृहाच्या जागा वाढवा आणि प्रवेश देताना अंतर बघा.

मुलाखतीत लग्नाचा, मुलाबाळांचा, नवऱ्याच्या नोकरीचा प्रश्न विचारू नये असा लेखी नियम करा आणि तो उमेदवाराच्या पत्रावरच छापा, म्हणजे समोरच्या मुलीला आपला हक्क माहीत असेल. जो विचारेल त्याला पुढच्या समितीवर घेऊ नका.

काही नियम आधीपासून आहेत आणि ते कुणी सांगत नाही, याचा मला फार त्रास होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016च्या नियमांपासून पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षं जास्त मुदत आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती-बालसंगोपनाची रजा मिळते. 2017च्या कायदेबदलानंतर पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असायलाच हवं. खंड पडलेल्या बायकांना पुन्हा संशोधनात आणण्यासाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने वीस वर्षांहून आधीच योजना सुरू केल्या. माझ्या वहीतल्या एकाही मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकीने तर गरोदर राहिल्यावर मार्गदर्शकांची माफी मागून पीएच.डी. सोडली. माफी मागून! हे नियम मराठीत, कोकणीत, इंग्रजीत लिहून प्रत्येक विभागाच्या दारावर लावा. आणि पाळणाघर खरोखर चालतं का, तिथे मुलं आहेत का, हे तुम्ही स्वतः जाऊन बघा.

शिक्षण खात्याकडे एक वेगळं मागणं. सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा इथल्या अकरावीच्या मुलींना मे महिन्याच्या सुट्टीत पंधरा दिवस दोना पावलाच्या आणि वास्कोच्या प्रयोगशाळांत काम करायला न्या. फेरफटका नको. त्यांच्या हाताने नमुना मोजला जाऊ द्या, चुकू द्या, पुन्हा मोजू द्या. 'सिंधू साधना'सारखं संशोधन जहाज मुरगाव बंदरात असेल तेव्हा त्यांना त्यावर चढवा आणि जहाजावर काम केलेल्या बाईशी बोलू द्या. आधी बाथरूमचं काय, झोपायचं कुठे, आई काय म्हणाली, हे प्रश्न त्या विचारतील. ते विचारू द्या, कारण घरून परवानगी मिळते ती याच प्रश्नांच्या उत्तरांवर.

आणि दरवर्षी आपापल्या संस्थेचा एक साधा तक्ता जाहीर करा. एम.एस्सी.ला मुली किती, पीएच.डी.ला किती आल्या, किती सोडून गेल्या, कायम नोकरीत किती, वरच्या पदांवर किती. माझ्या वहीत तेवढंच आहे. तुमच्याकडे त्यासाठी कारकून आहेत, संगणक आहेत.

त्या वाळपईच्या मुलीची धाकटी भाची यंदा अकरावीला आहे. गणित घेतलं आहे. मागच्या रविवारी माझ्याकडे त्रिकोणमिती घेऊन आली होती, आणि उदाहरण सुटल्यावर तिने विचारलं की एम.एस्सी.ला पणजीला जायला लागतं का. मी हो म्हणाले. मग ती पुढचं उदाहरण सोडवायला लागली.

या मागण्यांवर तुम्ही बैठक बोलावलीत तर मी वही घेऊन येईन. बैठक सकाळची ठेवावी, ही विनंती. दुपारनंतर ठेवलीत तर मला संध्याकाळच्या आधी उठावं लागेल.

आपली,
गणिताची एक निवृत्त शिक्षिका,
सत्तरी, गोवा